देवमोगऱ्याची याहा

माघ वद्य चतुर्दशी ही आपल्या शहरी घरांतून उपासाची तिथि आहे. बेलाचीं पानें, कवठाची चटणी, उकडलेलीं रताळीं, वऱ्याचे तांदूळ आणि संध्याकाळीं शंकराच्या देवळापुढची रांग. महाशिवरात्र म्हटली म्हणजे एवढें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याच तिथीस सातपुड्याच्या पश्चिम टोंकाशीं मात्र निराळेंच दृश्य दिसतें. नंदुरबार जिल्ह्यांतील अक्कलकुवा, तळोदा, अक्राणी, शहादा, नवापूर या तालुक्यांच्या पाड्यापाड्यांवरून माणसें निघालेलीं असतात. डोक्यावर बांबूची नवी टोपली, तींत घरचें धान्य, नारळ आणि शेंदूर. कोणाच्या काखेंत कोंबडा, कोणाच्या मागें दोरीनें बांधलेला बोकड. आणि बरोबर मोहाच्या फुलांची दारू. उपास नाहीं, बेल नाहीं. त्या दिवशीं आपण धान्य वर्ज्य करतों. ते धान्य डोक्यावर घेऊन निघतात. हीं सारीं माणसें एका देवीकडे चाललेलीं असतात. तिचें नांव याहामोगी. तिच्या यात्रेविषयीं आज आपणांशीं बोलावयाचें आहे.

‘याहा’ म्हणजे आई. सातपुड्याच्या या भागांत वसावे, पाडवी, वळवी, तडवी अशा आडनांवांचीं जीं घरें आहेत, त्यांच्या बोलींतला हा रोजचा शब्द आहे. लहान मूल पाणी मागतांना जी हांक मारतें तीच हांक देवीला. ‘मोगी’ हें तिचें स्वतःचें नांव, आणि ती जेथें आहे त्या गांवास देवमोगरा म्हणतात. आपल्या कानाला त्यांत मोगऱ्याचें फूल ऐकूं येतें आणि आपण लगेच तशी व्युत्पत्ति लावूं पाहतों. हा मोह आवरलेला बरा. आपल्याला ओळखीचा वाटणारा अर्थ तिच्या लेंकरांनाही अभिप्रेत असतोच असें नाहीं.

नंदुरबार जिल्ह्यांतून निघणाऱ्या देवीच्या यात्रा मुख्यतः दोन. तापीकांठच्या सपाटीवरचीं माणसें चैत्रांत दक्षिणेस सप्तशृंगीच्या गडाकडे जातात. रामनवमीपासून पौर्णिमेपर्यंत खानदेशच्या रस्त्यांवर पायीं जाणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागलेली असते आणि त्या गडाचें वर्णन आपण वर्तमानपत्रांतून दरसाल वाचतों. दुसरी यात्रा डोंगरांतल्या लोकांची, माघांत, पश्चिमेकडे. २०११ च्या जनगणनेंत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ भरली. तींत शेंकडा ६९ च्या आसपास लोक अनुसूचित जमातींचे होते. म्हणजे जिल्ह्यांतलें बहुसंख्य माणूस ज्या देवीला आई म्हणतें, तिचें नांव पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतून क्वचितच ऐकूं येतें. १५ नोव्हेंबर २०२५ रोजीं बिरसा मुंडा यांच्या दीडशेव्या जयंतीच्या निमित्तानें पंतप्रधान नरेंद्र मोदी तेथें दर्शनास गेले, तेव्हां चार दिवस तें नांव सर्वत्र छापून आलें.

रस्ता सोपा आहे. सुरत-भुसावळ या लोहमार्गावर नंदुरबार स्टेशन लागतें. तेथून उत्तरेस तापी ओलांडली कीं तळोदा. डाव्या हातास वळून अक्कलकुवा आणि मग खापर. उजवीकडे सातपुड्याची रांग सारखी सोबत करीत असते. खापरच्या पुढें थोड्याच अंतरावर रस्त्यांतली पाटी मराठीची गुजराती होते. देवमोगरा हें गांव गुजरात राज्याच्या नर्मदा जिल्ह्यांत, सागबारा तालुक्यांत आहे.

ही सीमा फार जुनी नाहीं. १ मे १९६० रोजीं जुन्या मुंबई राज्याचे दोन भाग झाले. त्या वेळीं पश्चिम खानदेशांतील नंदुरबार, नवापूर व तळोदा या तालुक्यांतलीं कांहीं गांवें गुजरातेकडे गेलीं. आजचे निझर आणि उच्छल हे तालुके त्याच भागांतले. उरलेला पश्चिम खानदेश पुढें धुळें जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजीं त्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. नकाशावर अशा रेघा ओढल्या गेल्या आणि एकाच घरांतली थोरली बहीण मराठी शाळेंत आणि धाकटी, सासरीं गेल्यावर, गुजराती कागदांत नोंदली गेली. याहा पलीकडच्या राज्यांत राहिली, तिचीं निम्मीं लेंकरें अलीकडच्या. माघांत मात्र ही रेघ पुसल्यासारखी होते. महाराष्ट्राच्या एस. टी.च्या जादा गाड्या भरून जातात, मध्य प्रदेशच्या बाजूनेंही माणसें उतरतात, आणि यात्रेच्या बाजारांत भाव करणारी बाई कोणत्या राज्याची हें तिच्या बोलण्यावरून कोणालाही सांगतां येणार नाहीं.

आतां तिची कथा. ही कथा पोथींत नाहीं. ती गाणाऱ्यांच्या मुखांत आहे आणि प्रत्येक खोऱ्यांत तिचें वळण थोडें निराळें आहे. राजा पांठा, गांडा ठाकोर, विनादेव हीं तींतलीं मोठीं नांवें. त्यांची भूमि म्हणून जें डाब सांगतात तें आजही अक्कलकुवा तालुक्यांत डोंगरावर आहे. हिवाळ्यांत तेथें इतकी थंडी पडते कीं पानांवरचें दंव गोठून पांढरें होतें. एका पाठांत असें सांगतात कीं मोठा दुष्काळ पडला. माणसें अन्नाच्या शोधांत देशोधडीस लागलीं. गोऱ्या कोठार नांवाच्या दात्यानें आपल्याजवळचें धान्य आणि गुरें वांटलीं. वांटतां वांटतां त्याचेंही सरलें. त्या वेळीं याहा पुढें आली आणि तिनें भुकेल्यांना धान्य दिलें. तिचें कोठार रितें झालें नाहीं.

एवढीच कथा. तींत राक्षस नाहीं, युद्ध नाहीं, शाप-उःशाप नाहीं. महिषासुराला मारणारी देवी आपल्या ओळखीची आहे. तिच्या हातांतलीं शस्त्रें मोजण्याची आपणांस संवय आहे. येथें शत्रु एकच, भूक, आणि तो शस्त्रानें मरत नाहीं. गुजरातेंत आणि खानदेशांत विक्रम संवत् १९५६ चा, म्हणजे सन १८९९-१९०० चा दुष्काळ ‘छप्पन्या’ या नांवानें अजून आठवला जातो. असे किती छप्पन्ये या डोंगरांनीं पाहिले असतील याची गणती नाहीं. ज्या समाजानें दुष्काळ पोथींतून वाचला नाहीं, पोटानें वाचला, त्याची देवी धान्य देणारीच असावी यांत नवल कसलें?

म्हणून या यात्रेंतली मुख्य वस्तु मूर्ति नव्हे, टोपली आहे. ती नवी विणलेली असते. तिला ‘हिजारी’ म्हणतात. शेतांत जें पिकलें असेल तें तींत येतें. कोणाची ज्वारी, कोणाचा मका, कोणाचें भात. डोंगराच्या अगदीं वरच्या अंगाला राहणाऱ्यांची भगर. नवें धान्य आधीं याहाला दाखवावयाचें, ही रीत. देवळाच्या अंगणांत टोपल्यांची रांग पाहतांना कोणाही शहरी माणसाच्या मनांत येईल कीं हा नैवेद्य आहे. मलाही तसेंच वाटत होतें. पण रांगेंत एक म्हातारी बसली होती. तिची टोपली लहान होती आणि धान्य वरपर्यंत आलें नव्हतें. माझ्या सोबत्यानें तिच्या बोलींत विचारलें, “आजी, याहाजवळ काय मागणार?” ती म्हणाली, “मागायचें काय? यंदा एवढें झालें, तें दाखवायला आलें. पाऊस मधेंच गेला हें तिला ठाऊक आहे.” आणि मग, बराच वेळ थांबून, “यांतलें मूठभर परत नेईन. बियाण्यांत टाकीन.”

आपल्या यात्रांशीं ताडून पाहिलें तर यांतला फरक ध्यानांत येतो. आपण बहुधा मागावयास जातों. फार तर मागितलेलें मिळालें म्हणून नवस फेडावयास. ती म्हातारी हिशेब देण्यास आली होती. शेत तिचें, श्रम तिचे, पण कोठाराची मालकीण दुसरी आहे, आणि वर्षाकांठीं तिच्यापुढें टोपली ठेवून जेवढें आहे तेवढें खरें सांगावयाचें. पिकलें तेंही दाखवावयाचें, आणि पिकलें नाहीं तेंही. टोपली अर्धी असली तर ती अर्धीच न्यावयाची असते.

देवळाविषयीं फारसें सांगण्यासारखें नाहीं. आजची वास्तु अलीकडची आहे आणि तिचीं एकावर एक उतरतीं छपरें नेपाळांतील पशुपतिनाथाच्या देवळाची आठवण करून देतात. सातपुड्यांत नेपाळ कां आणावा, हें मला उमगलें नाहीं. कुडाचें घर आणि कौलारू छप्पर यांत जी जन्मली, तिला तें सोयीचें वाटत असेल तर मी कोण बोलणार!

आतां अवघड विषयाकडे येतों. आपल्यापैकीं पुष्कळांना बोकड आणि दारू हे शब्द ऐकूनच अवघडल्यासारखें झालें असेल. देवीला मोहाच्या दारूची धार द्यावयाची, तीही पहिल्या धारेची, हा तेथील विधीचा भाग आहे. त्यांतून गुजरातेंत दारूबंदी. म्हणजे जी वस्तु कायद्यानें वर्ज्य, तीच देवीपुढें पूज्य. सुशिक्षित पाहुणा येथें एकतर नाक मुरडतो किंवा मग अति उदार होऊन सर्वच कसें रम्य आहे असें लिहितो. दोन्ही गोष्टी सारख्याच उथळ आहेत. मोहाचें झाड डोंगरांतल्या माणसाला फुलें देतें, बियांचें तेल देतें, आणि धान्य सरल्यावर तींच वाळलेलीं फुलें शिजवून खाऊन दिवस काढतां येतात. भुकेच्या दिवसांत ज्या झाडानें जगविलें त्याचा अर्क अन्नदात्या आईपुढें ठेवणें, यांत त्यांच्या लेखीं विसंगति नाहीं.

शिवाय दारू सोडण्याचा विचार त्यांना आपण शिकवावयास हवा अशीही स्थिति नाहीं. तो त्यांनीं स्वतः केलेला आहे, आणि देवीच्याच तोंडून. सन १९२२ मध्यें एक विलक्षण घटना घडली. पालघरच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्यें देवीची साथ शमविण्यासाठीं जो विधि चालत असे, तेथून एक देवी निघाली आणि डोंगरांतून गांवोगांव चालत गेली. तिला सलाबाई म्हणत. ही याहामोगी नव्हे, दुसरी. मांडवाखालीं लोक जमत, कोणाच्या तरी अंगांत ती येई आणि आज्ञा करी: दारू सोडा, मांस सोडा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराची चाकरी करूं नका. सुरत जिल्हा तिनें ढवळून काढला आणि खानदेशांतही तिचा संचार झाला. त्या दुकानदारांच्या कर्जांत ज्यांच्या जमिनी गेल्या होत्या त्यांना या आज्ञेचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकारानें १९८७ सालीं या घटनेवर एक सबंध ग्रंथ लिहिला. भक्त देवीकडे जातात हें आपणांस ठाऊक. त्या वर्षीं देवीच भक्तांच्या दारीं यात्रेस गेली होती.

पुढें १९३७-३८ च्या सुमारास तळोदा तालुक्यांतील मोरवड येथें गुला महाराज यांनीं असाच उपदेश केला. दारू-मांस वर्ज्य करावें, स्वच्छ राहावें, आणि प्रत्येकानें प्रत्येकास ‘आप’ म्हणावें. ज्यांना बाजारांत, कचेरींत, सावकाराच्या ओट्यावर जन्मभर ‘अरे’ ‘तुरे’ ऐकावें लागलें, त्यांनीं एकमेकांस ‘आप’ म्हणूं लागणें ही केवढी गोष्ट आहे! त्यांच्या आरतीस हजारोंनीं माणसें जमत. १९३८ मध्यें ते वारले. त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य चालविलें. आजही त्या मार्गाचीं कुटुंबें त्या भागांत आहेत. एकाच पाड्यावर एक घर याहापुढें दारूची धार देतें आणि शेजारचें घर नारळ फोडतें. दोन्ही घरें नवी टोपली मात्र विणतात.

पण यात्रा पाहून परततांना माझ्या मनांत हा वाद नव्हता. मनांत होती ती त्या टोपल्यांची उंची. ज्या जिल्ह्याची कुलस्वामिनी धान्याची देवी, त्याच जिल्ह्याचें नांव आपण वर्षानुवर्षें एका दुसऱ्याच शब्दाबरोबर वाचीत आलों आहों: कुपोषण. सन २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत नंदुरबारमधील पांच वर्षांखालील बालकांपैकीं निम्म्याहून अधिक बालकांचें वजन वयाच्या मानानें कमी आढळलें. त्याच्या आधींच्या पाहणींतही निम्म्याहून अधिकच होतें. दुष्काळांत ज्या आईनें सर्वांना जेऊं घातलें असें गातात, तिच्याच नातवंडांचें हें वजन.

याचीं कारणें देवीपाशीं नाहींत. तीं रस्त्यावर दिसतात. डोंगरावरची जमीन थोडी, उताराची आणि पावसाच्या भरंवशावरची. दिवाळी झाली कीं घरांना कुलपें लागतात आणि कुटुंबेंच्या कुटुंबें दक्षिण गुजरातेंतल्या साखर कारखान्यांकडे ऊस तोडावयास जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’, आणि तो कोयता हंगाम सरेपर्यंत सुटत नाहीं. लहान मुलें पडावावर, उसाच्या पाचटाच्या खोपींत. नर्मदेकांठच्या लोकांची गोष्ट आणखी निराळी. सरदार सरोवराच्या पाण्याखालीं अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतलीं ३३ गांवें आलीं. धरणाची उंची १३८.६८ मीटरपर्यंत नेऊन २०१७ सालीं तें राष्ट्रास अर्पण झालें. विस्थापितांतले पुष्कळ तळोदा आणि शहादा तालुक्यांत वसविले गेले. त्यांची याहा जागच्या जागीं आहे, पण तिला दाखवावयाचें धान्य ज्या शेतांत पिकत असे तें शेत नाहीं.

रांगेंत एक तरुण जोडपें होतें. ऊसतोडीच्या पडावावरून दोन दिवसांची सुटी काढून तीं दोघें थेट तेथें आलेलीं. टोपली नवीच होती, पण बाईनें ती पदरानें झांकून धरली होती. सोबत्यानें विचारलें तेव्हां नवरा खालीं पाहत म्हणाला कीं यंदा घरीं पेरणीच झाली नाहीं. हे तांदूळ बारडोलीकडच्या दुकानांतले आहेत. चालतील कां, ही शंका त्याच्या आवाजांत होती. पुढें बसलेल्या एका वृद्धानें मान वळविली. “दादा,” तो म्हणाला, “दाखवायचेंच आहे ना? मग झांकतां कशाला? तिला सांगा कीं विकत घेतले.” बाईनें पदर काढला.

श्रोत्यांपैकीं कोणास तेथें जाण्याची इच्छा झाली तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवतों. यात्रा महाशिवरात्रीस भरते आणि पुढें चार-पांच दिवस चालते. ऐन रात्रीं मुलांना घेऊन गर्दींत शिरूं नये. अंगांत आलेल्या माणसाचें छायाचित्र काढूं नये. तो आपल्या आईशीं बोलत असतो. याहामोगी म्हणजे अंबाच कीं पार्वतीच कीं अन्नपूर्णाच, असा प्रश्न तेथें कोणास विचारूं नये. कोणी सभ्यपणानें ‘हो’ म्हणेल, कोणी त्याच सभ्यपणानें ‘नाहीं’ म्हणेल, आणि त्यांच्यांत त्यावर जो विचार चालूं आहे तो त्यांचा त्यांना करूं द्यावा. हार-पेढे नेण्याची गरज नाहीं. न्यावयाचेंच तर घरांतलें पायलीभर धान्य न्यावें. मात्र टोपली तेथल्या बाजारांत, विणणाऱ्याच्या हातून, तो सांगेल त्या किंमतीस घ्यावी.

यात्रेहून परतलेलीं माणसें फार दिवस घरीं बसत नाहींत. पंधरवड्यानें फाल्गुनी पौर्णिमा येते. काठी या जुन्या मेहवासी संस्थानाच्या गांवीं होळीचा उंच बांबू उभारला जातो आणि रात्रभर ढोल वाजतात. ऊसतोडीवर गेलेल्यांपैकीं ज्यांना मुकादम सोडतो ते तेथें येतात. ज्यांना सोडीत नाहीं त्यांना ढोल ऐकूं येत नाहीं. पण तिथि त्यांना माहीत असते, आणि त्या दिवशीं कोयता जरा सावकाश चालतो असें त्या जोडप्यानें मला सांगितलें.